सतत फिरतीवर काम असेल तर नोंदी, वेळा, बिलं सगळं फोनवरच ठेवता का? की वेगळं डिव्हाइस घ्यावं?

फिरता_फिटर:

नमस्कार मंडळी,

माझं काम पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसिंगचं. ऑफिसात टेबल आहे पण ते नावालाच, दिवसभर या साईटवरून त्या साईटवर, कधी गाडीने कधी बसने, त्यामुळे जे काय ऑफिस म्हणायचं ते खिशातल्या फोनमध्ये. आता होतं काय की एकाच कामाची माहिती चार ठिकाणी जाते. मशीनच्या प्लेटचा फोटो गॅलरीत, कस्टमरने सांगितलेला पार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर, चालता चालता फोनवर कुणाला "मंगळवारी येतो" म्हटलं ते फक्त डोक्यात आणि बिलं पाकिटात. रात्री रिपोर्ट लिहायला बसलं की लिहिण्यापेक्षा शोधण्यातच जास्त वेळ जातो, गॅलरीत एकसारख्या दिसणाऱ्या मोटरी असतात आणि कुठली कुणाची ते देवालाच ठाऊक.

तर विचारायचं हे की फोनवरच नीट बसवता येईल का सगळं, की छोटा टॅबलेट किंवा ते ई-इंकवालं (कागदासारखी दिसणारी स्क्रीन असते ते) लिहायचं पॅड घेऊ? कंपनीने एक टॅबलेट दिलाय पण तो जुना आहे, बॅगेतच पडून असतो. दुसरं म्हणजे बऱ्याच साईटवर पत्र्याची शेड नाहीतर बेसमेंट, तिथे नेटवर्क शून्य. तिसरं, रिमाइंडर लावतो तो कधी वेळेवर वाजतो कधी वीस मिनिटांनी, काय भानगड आहे कळत नाही.

कृपया "ही दहा अ‍ॅप वापरा" छाप यादी नको, ती सगळीकडे मिळते. तुम्ही स्वतः रोज काय करता तेवढं सांगा.

पाना_पक्कड:

दादा फोन पुरे आहे. दुसरं डिव्हाइस घेतलंत तर चार ठिकाणांची पाच होतील एवढंच.

मी पण सर्व्हिसलाच आहे (कॉम्प्रेसर), सांगतो काय करतो ते. साईटवर असताना जे काय येईल ते एकाच ठिकाणी टाकायचं, एकच नोट, तिचं नाव "इनबॉक्स" ठेवा नाहीतर "कचरा" ठेवा काही फरक पडत नाही. कुठला फोल्डर, कुठला टॅग, कुठला कस्टमर हे उभ्या उभ्या ठरवायचं नसतंच, हात ग्रीसचे असतात, समोर सुपरवायझर घड्याळ बघत असतो, तेव्हा फक्त टाकायचं. त्या नोटचं विजेट पहिल्या स्क्रीनवर ठेवा. लॉक उघडल्यापासून लिहायला लागेपर्यंत दोन टॅपच्या वर गेलं तर ते अ‍ॅप तुम्ही लवकरच सोडून द्याल, मग ते किती का भारी असेना.

आणि मग खरी गोष्ट म्हणजे ती नोट रिकामी करायची. रात्री नाही! रात्री डोकं चालत नाही आणि "त्या माणसाने नक्की काय सांगितलं होतं" हे आठवतही नाही. साईटवरून निघालो की गाडीत बसून, चावी फिरवायच्या आधी. ज्याला तारीख आहे ते कॅलेंडरला, जे करायचंय ते कामांच्या यादीला, उरलेलं त्या कस्टमरच्या नोटमध्ये, म्हणजे मशीन नंबर, काय केलं, काय राहिलं. इनबॉक्स कोरा झाला की निघायचं. बसने जात असाल तर स्टॉपवर उभं राहून.

फोटोचं सोपं आहे. साईटवर पोचलो की पहिला फोटो गेटच्या पाटीचा नाहीतर जॉब कार्डचा, मग मशीन लांबून, मग नंबर प्लेट, मग बिघडलेला पार्ट जवळून. पुढच्या साईटवर परत पाटीपासून सुरुवात. गॅलरी तशीही वेळेप्रमाणेच लागते, त्यामुळे पाटी दिसली की तिथून पुढच्या पाटीपर्यंत सगळं त्याच कस्टमरचं. फोल्डर करायची गरजच नाही.

नंबर प्लेट वाचता येत नाही ही सगळ्यांची रड असते. फ्लॅश बंद करा, प्लेट चकाकते आणि सगळं पांढरं येतं. त्याऐवजी टॉर्च बाजूने तिरपा धरा, अगदी प्लेटला टेकवल्यासारखा, म्हणजे ठोकलेल्या आकड्यांच्या कडांना सावली पडते आणि गंजलेली प्लेट सुद्धा वाचता येते. फोटोवरून टेक्स्ट कॉपी करायची सोय आता बहुतेक फोनमध्ये आहे पण शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांच्यात ती हमखास गडबडते, कॉपी केल्यावर एकदा प्लेटशी ताडून बघा, पार्ट चुकीचा आला की परत फेरी.

अजून एक, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि कधी कुठे काढला ही माहितीही निघून जाते. ऑफिसला पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग जसाच्या तसा जातो.

जुना_पामवाला:

हे वाचून पामचे, म्हणजे त्या खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीचे, दिवस आठवले, थोडं विषयांतर करतो पण शेवटी मुद्द्यावर येईन.

पहिलं पाम पायलट १९९६ मध्ये आलं, सुरुवातीच्या मॉडेलात मेमरी फक्त १२८ केबी, म्हणजे आजचा एक फोटोही त्यात मावणार नाही. पण खाली चार बटणं होती, कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी आणि मेमो. यंत्र बंद असलं तरी कॅलेंडरचं बटण दाबलं की थेट कॅलेंडर समोर. बूट होणं नाही, वाट बघणं नाही, जाहिरात नाही, कुणाचा गुड मॉर्निंग नाही. दोन ट्रिपल ए सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचं. लिहायला ग्राफिटी म्हणून लिपी होती, इंग्रजी ए काढताना मधली आडवी रेघ द्यायचीच नाही असं सगळं, शिकायला थोडा वेळ लागायचा, मग हात बसला की बस.

त्याच्या आधी १९९३ ला अ‍ॅपलचं न्यूटन आलं होतं, ते खिशात मावत नव्हतं आणि त्याच्या हस्ताक्षर ओळखण्याची लोकांनी भरपूर टिंगल केली, १९९८ ला ते बंदच झालं. पाम बनवणारा जेफ हॉकिन्स आधी लाकडाचा एक तुकडा कापून शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा, कुणी भेटायची वेळ विचारली की तो तुकडा बाहेर काढून त्यावर लिहिल्याचं नाटक करायचा. कशासाठी, तर खिशात काय राहतं आणि माणूस दिवसातून किती वेळा काय बघायला ते काढतो हे कळावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते कारण आज आपण उलटं करतो, आधी अ‍ॅप टाकतो मग त्यात काय भरायचं याचा विचार.

तर मुद्दा. फोनच्या खालच्या पट्टीत चारच आयकॉन ठेवा, पामचीच चार. कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, कामं, नोट. बाकी व्हॉट्सअ‍ॅप, मेल, ब्राउझर सगळं दुसऱ्या पानावर ढकला. नोंद करायला फोन उघडला आणि वर लाल आकडा दिसला की माणूस तिकडे वळतो आणि नोंद राहते ती राहतेच.

आणि सिंकचं (दोन ठिकाणच्या नोंदी जुळवण्याचं) म्हणाल तर पाममध्ये सगळा डेटा रॅममध्ये असायचा, सेल पूर्ण उतरले तर पाटी कोरी! त्यामुळे टेबलावर आलं की क्रेडलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टँडमध्ये, ठेवून हॉटसिंकचं बटण दाबणं हे हाताला लागलेलं होतं. यंत्रात सगळं पूर्ण आहे, नेटवर्क असो नसो काम अडत नाही, आणि टेबलावर आलो की दुसरी कॉपी होते. तुमच्या पत्र्याच्या शेडला हेच लागतंय.

पाना_पक्कड:

काका, त्याचं ते स्टायलस (स्क्रीनवर लिहायची काडी) किती वेळा हरवायचं ते पण सांगा की 😀

जुना_पामवाला:

ते विचारू नका. पेनाच्या टोपणाने पण चालायचं.

तपासणीस_ताई:

मी तपासणीच्या कामाला असते, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. पाना_पक्कड यांचं इनबॉक्सचं पटलं पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. शब्द दिला असेल तर तो इनबॉक्समध्ये टाकायचा नाही. "मंगळवारी येतो" हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की फोन कानावरून काढून स्पीकरवर टाकायचा, कॅलेंडर उघडायचं, आणि समोरचा लाइनवर असतानाच मंगळवार बघायचा. बऱ्याचदा तिथेच कळतं की मंगळवार भरलाय, आणि तेव्हाच बुधवार म्हणता येतं. नंतर कळलं तर परत फोन करा, माफी मागा, त्यापेक्षा हे बरं. "एक सेकंद हां, कॅलेंडर बघते" असं म्हटल्याने कुणी रागवत नाही, उलट लोकांना वाटतं ही बाई नीट आहे.

कॅलेंडरमध्ये लोक फक्त भेट लिहितात, प्रवास लिहीत नाहीत. अकराची भेट आणि दीड तासाचा रस्ता असेल तर साडेनऊ ते अकरा हा वेगळा ठोकळा मी टाकतेच, आणि परतीचाही. नाहीतर ऑफिसातला माणूस तुमचं कॅलेंडर बघतो, दहा ते अकरा मोकळं दिसतं, आणि तो तिथे ऑनलाइन मीटिंग कोंबतो. रिमाइंडर पण प्रवासाच्या ठोकळ्याला लावायचा, भेटीला नाही. भेटीच्या दहा मिनिटं आधी वाजून करायचंय काय, तेव्हा तुम्ही रस्त्यातच असता.

भेटीच्या नोंदीतच खाली सगळं टाका. कुणाला भेटायचं, त्याचा नंबर, गेट कुठलं, जॉब नंबर, मागच्या वेळी काय राहिलं होतं. पत्ता लोकेशनच्या रकान्यात. कॅलेंडरचं एक बरं असतं की जवळच्या तारखांच्या नोंदी फोनमध्येच उतरलेल्या असतात, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी दिसतात. नकाशाचा तेवढा भाग मात्र आधीच डाउनलोड करून ठेवावा लागतो, तो आपोआप नसतो.

परदेशात किंवा दुसऱ्या टाइम झोनमध्ये जाणाऱ्यांसाठी, घरी बसून तिकडची अकराची भेट टाकली तर कॅलेंडर ती इथली अकरा समजतं आणि तिकडे उतरल्यावर भलतीच वेळ दाखवतं. नोंद करतानाच तिचा टाइम झोन तिकडचा निवडायचा, बहुतेक कॅलेंडरमध्ये वेळेच्या खालीच ती जागा असते. विमानाचं तर निघायची वेळ एका झोनची, उतरायची दुसऱ्या, दोन्ही वेगळे लावता येतात.

आता बिलं. छापील पावती जी गुळगुळीत कागदावर येते ती थर्मल असते, तिच्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो. म्हणून गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवली की अख्खी काळवंडते आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली की अक्षरं फिकी होत होत उडतात. काउंटरवरून हलायच्या आधी स्कॅन. साधा फोटो नाही, फोनमधला स्कॅन पर्याय, तो कडा कापून सरळ करतो आणि पीडीएफ देतो. आयफोनच्या नोट्समध्ये तो २०१७ पासून आहे, अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये मिळेल. फाइलचं नाव तारखेने सुरू करा आणि वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, उदाहरणार्थ २०२५-०३-१४-टोल. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि क्लेम भरताना वाट लागते.

कागद_पेन:

एवढं सगळं करण्यापेक्षा खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. नेटवर्क नको, चार्जिंग नको, ग्रीस लागलं तरी चालते. ग्राहकासमोर वहीत लिहिलं तर तो नीट बोलतो, फोनमध्ये लिहिलं तर त्याला वाटतं हा चॅट करतोय. रात्री त्या पानाचा एक फोटो काढतो, झालं डिजिटल.

तपासणीस_ताई:

ग्राहकासमोर वहीचं मला मान्य आहे, मी पण भेटीत वहीच वापरते. पण वही वाजत नाही हो. आणि मागच्या पावसाळ्यातल्या भेटीत त्यांनी कुठला व्हॉल्व्ह सांगितला होता हे आता रस्त्यात उभं राहून शोधायचं असेल तर ती वही घरी असते.

कागद_पेन:

पानाचा फोटो फोनमध्ये आहेच की.

तपासणीस_ताई:

मग तुम्ही पण आमच्यातलेच 🙂

बॅटरी_मामा:

रिमाइंडर उशिरा वाजण्याचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो.

अँड्रॉइडमध्ये ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ म्हणून प्रकार आहे. फोन स्क्रीन बंद करून बराच वेळ हलवला नाही की तो मागे चालणाऱ्या अ‍ॅपना झोपवतो आणि मधे मधे थोडा वेळ उठवतो, त्या उठवण्यात तुमचा रिमाइंडर वाजतो, वीस मिनिटं उशीर तिथूनच येतो. शिवाय फोन बनवणाऱ्या काही कंपन्या यावर आपली वेगळी कडक बॅटरी बचत लावतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन "अनरिस्ट्रिक्टेड" करा. आणि दुसरी जागा म्हणजे "अलार्म आणि रिमाइंडर" ही परवानगी, अँड्रॉइड १४ वर नवीन टाकलेल्या बऱ्याच अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, हाताने द्यावी लागते. कॅलेंडर आणि घड्याळाच्या अ‍ॅपला यातून सूट आहे, म्हणून ज्याची वेळ चुकून चालणार नाही ते सरळ कॅलेंडरला नाहीतर अलार्मला लावा, टू-डू अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नका.

आता बॅटरी. नेटवर्क नसलेल्या शेडमध्ये फोन लवकर उतरतो हे तुम्ही बघितलंच असेल. टॉवर लांब किंवा आडोशाला असला की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो आणि सारखा शोधत राहतो. आत जाताना एअरप्लेन मोड लावा, बाहेर आलात की काढा. फोटो, नोट, टॉर्च सगळं एअरप्लेन मोडमध्ये चालतं. फक्त कुणाचा कॉल येणार असेल तर सांगून ठेवा.

गाडीत डॅशबोर्डवर फोन लावून, वरून ऊन, मॅप चालू आणि चार्जिंग पण चालू, हे बॅटरीला सगळ्यात वाईट. लिथियम आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, अ‍ॅपल स्वतः आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं आणि बंद गाडीत काचेखाली त्याच्या कितीतरी वर जातं. एसीच्या जाळीवर लावायचा स्टँड घ्या, थंड वाऱ्यासमोर राहतो. बॅटरी पार उतरवायची आणि मग पूर्ण भरायची ही जुनी सवय असेल तर सोडा, ती निकेल कॅडमियमच्या काळातली. मधे मधे थोडं थोडं चार्ज केलं तर उलट चांगलं.

पॉवर बँक विमानात नेणार असाल तर केबिनच्या बॅगेतच, चेक-इनला चालत नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर. हिशोब सोपा आहे, एमएएचला हजाराने भागून ३.७ ने गुणा, २०,००० ची असेल तर ७४ येतात, चालतं. पण पॉवर बँकेवर आकडा छापलेला दिसला पाहिजे, पुसलेला असेल तर सिक्युरिटीवाला ठेवून घेऊ शकतो.

ई-इंकबद्दल माझं मत, उन्हात वाचायला त्याला तोड नाही, ऊन जेवढं जास्त तेवढं स्वच्छ दिसतं, चार्जिंगही बरेच दिवस पुरतं. पण प्लेटचा फोटो काढायला, कॉल घ्यायला, मॅपला फोन लागणारच. मग ते हातात धरायचं तिसरं लचांड होतं. लांबलचक रिपोर्ट वाचणारा किंवा ड्रॉइंगवर खुणा करणारा असेल तर घ्यावं, फिटरने नको. उन्हात फोन दिसत नाही म्हणत असाल तर आधी गॉगल काढून बघा, पोलराइज्ड काचेतून बऱ्याच स्क्रीन एका ठराविक कोनात काळ्या दिसतात, फोन आडवा केला की दिसायला लागतो.

फिरता_फिटर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बॅटरी मामा, ती परवानगी खरंच बंद होती, चालू केली, आजचे रिमाइंडर बरोब्बर वाजले.

ताईंचं स्पीकरवालं लगेच करून बघितलं, एक कस्टमर म्हणाला "बघा बघा, सावकाश बघा".

दोन शंका अजून. नेटवर्क नसताना चालतं असं अ‍ॅपवाले छापतात पण माझं नोटचं अ‍ॅप बेसमेंटमध्ये उघडलं की नुसतं गोल फिरत बसतं, तर खरं कुठलं चालतं हे घेण्याआधी कसं ओळखायचं? आणि तो कंपनीचा टॅबलेट, सही घ्यायला मोठी स्क्रीन बरी पडते म्हणून तो पण वापरला तर फोन आणि टॅबलेट दोन्हीकडे तीच नोट उघडी राहते, घोटाळा होईल का? आणि हो, सगळं फोनवर आणलं आणि फोनच गेला तर? हे आठवलं की पोटात गोळा येतो.

कुलूप_किल्ली:

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तेच महत्त्वाचं.

सिंक चालू असेल तर फोन गेला तरी डेटा जात नाही, तो क्लाउडवर असतो. जातो तो तुमचा प्रवेश. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून तुम्ही लॉगिन करता, पासवर्ड पण आठवतो, आणि ते म्हणतं कोड टाका. कोड कुठे येणार, तर हरवलेल्या फोनवर! ऑथेंटिकेटर, म्हणजे कोड दाखवणारं अ‍ॅप, ते पण त्याच फोनमध्ये. बाहेरगावी हे झालं की सिम परत मिळेपर्यंत तुम्ही स्वतःच्याच नोंदींच्या बाहेर उभे. यावर उपाय आजच करा, खात्याच्या सिक्युरिटीच्या पानावर बॅकअप कोड मिळतात, एकदाच वापरता येणारे, ते कागदावर छापा किंवा लिहा आणि बॅगेत ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको, फोनबरोबर तेही जातील. त्याच कागदाच्या मागे आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा, डायल पॅडवर *#०६# टाकलं की दिसतो, तक्रार देताना आणि फोन ब्लॉक करताना तोच लागतो. घरच्या आणि ऑफिसच्या माणसाचा नंबर पण लिहा, आजकाल पाठ कुणाला असतात?

मग एकदा तालीम करा. सुट्टीच्या दिवशी फोन कपाटात ठेवा आणि घरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्रायव्हेट विंडो उघडून फक्त त्या कागदाच्या जोरावर कॅलेंडर आणि नोट उघडून दाखवा. उघडलं तर तुम्ही सुटलात.

फोन लांबून पुसून टाकायची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत आहे पण हुकूम पोचायला फोन चालू आणि इंटरनेटवर असावा लागतो, म्हणून स्क्रीन लॉक हाच खरा पहारेकरी. चार आकडी पिन असेल तर सहा आकडी करा. लॉक स्क्रीनवर "सापडल्यास या नंबरवर कळवा" असं लिहायची जागा सेटिंगमध्ये असते, तिथे ऑफिसचा नंबर टाका, भल्या माणसाला फोन परत द्यायचा असला तरी लॉकमुळे देता येत नाही.

कस्टमरच्या आतल्या मशीनरीचे फोटो आपोआप तुमच्या वैयक्तिक क्लाउडला चढतात हे पण बघा, काही ठिकाणी ते चालत नाही. कंपनीने अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल लावून दिलं तर कामाचे फोटो आणि घरचे फोटो वेगळे राहतात, मागून घ्या.

ऑफलाइनची परीक्षा सोपी आहे. अ‍ॅप टाका, दोन चार नोट आणि एक फोटो भरा, मग एअरप्लेन मोड लावा, फोन बंद करून चालू करा, आणि आता अ‍ॅप उघडा. फोन बंद करून चालू करणं गाळू नका, काही अ‍ॅप नुकतंच बघितलेलं पान लक्षात ठेवतात म्हणून चालल्यासारखी वाटतात. जुनी नोट उघडली पाहिजे, नावाने शोधता आली पाहिजे, आणि नवीन लिहिता आली पाहिजे. शोधण्यात बरीच नापास होतात.

दोन डिव्हाइसचं असं की दोन्हीकडे नेटवर्क नसताना तीच नोट बदलली तर नंतर जुळवताना अ‍ॅप एक तर दोन कॉपी करतं, एक तर नंतरची ठेवून आधीची फेकतं. फेकणारं जास्त वाईट कारण कळतच नाही. म्हणून लिहायचं फक्त फोनवर, टॅबलेट वाचायला आणि सहीला. सहीचा फॉर्म म्हणजे दरवेळी नवीन फाइल, तिथे भांडण नाही.

आणि कॅलेंडर, नोट दोन्ही बाहेर काढता येतात ना ते आधीच तपासा. कॅलेंडरची आयसीएस फाइल निघते, ती पद्धत १९९८ पासून आहे आणि बहुतेक कॅलेंडर ती उघडतात. नोटचं मात्र ज्याचं त्याचं निराळं, साधं टेक्स्ट निघत नसेल तर त्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका.

फिरता_फिटर:

कोड छापले. आयएमईआय लिहिला. तालीम रविवारी.

परीक्षा दोन अ‍ॅपना लावली, जुनं नापास, फोनमध्ये आधीपासून असलेलं साधं नोटवालं पास, म्हणजे नवीन काही टाकायची गरजच नाही बहुतेक. ई-इंकचा विचार सोडला.

एकच राहिलं, बोलून मराठीत नोंद टाकता येते ती कशी चालते कुणाला अनुभव? हात खराब असताना बरं पडेल असं वाटतं.

पाना_पक्कड:

शांत जागी मस्त चालते. मशीन चालू असलेल्या शेडमध्ये काहीच्या काही लिहिते. वाक्य ठीक येतं पण पार्ट नंबर आणि माणसांची नावं बोलायची नाहीत, "एकवीस तेवीस" कधी आकड्यात येतं कधी अक्षरात, परत शोधायला गेलं की सापडत नाही. मी आवाजच रेकॉर्ड करतो, दहा पंधरा सेकंदांचा, त्याला नेटवर्क पण लागत नाही, आणि गाडीत बसल्यावर ऐकून टाइप करतो. गाडी चालवताना मात्र काहीच नाही, बाजूला घ्या.

तपासणीस_ताई:

नावावरून आठवलं, मराठीत टाइप करणाऱ्यांनी कस्टमरला छोटा कोड द्यावा, दोन अक्षरं आणि आकडा. मी एकदा "इंडस्ट्रीज" लिहिते, एकदा "इंडस्ट्रिज", एकदा नुसतं "इंड.", शोध तिन्ही वेगळे धरतो आणि अर्ध्या नोट दिसतच नाहीत. कोड नोटच्या पहिल्या ओळीत, फाइलच्या नावात आणि कॅलेंडरच्या नोंदीत तोच. कॉन्टॅक्टमध्ये पण नावाच्या आधी तो लावला तर फोन आला की लगेच कळतं कुणाचा आहे.

फिरता_फिटर:

कॉन्टॅक्टमध्ये आधी लावला तर सगळे कस्टमर एका खाली एक पण येतील ना?

तपासणीस_ताई:

हो, कोडची पहिली दोन अक्षरं भागाप्रमाणे ठेवा. त्या भागात गेलात की आजूबाजूचे अजून कोण राहिलेत ते एका नजरेत दिसतं.